मशीन हीट मारतंय, काळा धूर सोडतंय: कूलिंग आणि एक्झॉस्टचं काम कोणत्या क्रमानं करायचं

जेसीबी, लोडर, पोकलेनसारखं मशीन हीट मारायला लागलं की साईटवर ठरलेली कामं होतात. रेडिएटरवर पाण्याचा जोरदार फवारा, टाकीत बोअरचं पाणी, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे उघडणारा वॉल्व्ह) काढून डब्यात, आणि तरी तापमानाचा काटा उतरला नाही तर नवीन वॉटर पंप. धुराचंही तेच. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला की रीजनचं (साठलेली काजळी जाळण्याचं) बटण दाबायचं, परत लागला की परत दाबायचं, आणि शेवटी कुणीतरी "फिल्टर पोकळ करून देतो, कटकटच नको" म्हणतो. पैसे जातात, दिवसाचं भाडं बुडतं आणि दोष आहे तिथंच राहतो.

इंजिनात आधी हवा जाते, मग उष्णता तयार होते आणि शेवटी धूर बाहेर पडतो. तपासणीही त्याच वाटेनं करायची. सायलेन्सरच्या तोंडाशी दिसणारा बिघाड बऱ्याचदा एअर फिल्टरपाशी, नाहीतर थर्मोस्टॅटपाशी सुरू झालेला असतो. म्हणून खालचे टप्पे मधूनच उचलू नका. पहिले तीन टप्पे नीट झाले तर पुढच्यांची गरजच न पडण्याची शक्यता बरीच असते.

## आधी एवढं ओळखा: तुमच्या मशीनवर काय बसवलंय

चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे उत्सर्जनाचे (धुरातल्या प्रदूषणाचे) नियम लागू झाले. त्याआधीच्या मशीनवर साधा सायलेन्सर असतो. सीईव्ही-४ मध्ये कंपनी आणि इंजिनाच्या ताकदीप्रमाणे फरक पडतो: कुठं नुसता ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), कुठं डीईएफची (युरियाच्या द्रावणाची) टाकी आणि ते वापरून धूर साफ करणारा एससीआर कॅटॅलिस्ट, कुठं डीपीएफ. सीईव्ही-५ मध्ये काजळीच्या कणांच्या संख्येवरच मर्यादा आली, त्यामुळे डीपीएफ आलाच असं समजा. चेनवरच्या पोकलेनवर यातलं काहीच नसेल, असंही होऊ शकतं. मशीनवरची प्लेट वाचा, मॅन्युअल उघडा आणि जे बसवलेलं नाही ते टप्पे सोडून द्या.

## तयारी

मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकवलेली, पार्किंग ब्रेक ओढलेला, किल्ली काढून खिशात. इंजिन पूर्ण गार हवं. संध्याकाळी काम संपल्यावर लगेच बॉनेट उघडून बसू नका; ही कामं सकाळी पहिल्या स्टार्टच्या आधीची आहेत.

जवळ ठेवायच्या वस्तू: चांगली बॅटरी, कॉम्प्रेसर आणि दाब कमी करता येईल अशी एअर गन, सौम्य डिग्रीझर, मऊ ब्रश, निघालेला कूलंट (इंजिन गार ठेवणारं मिश्रण) मोजता येईल असे कॅन, रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणातलं कूलंटचं प्रमाण दाखवणारा), टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा), रबरी हातमोजे आणि चष्मा. रिफ्रॅक्टोमीटर आणि टीडीएस मीटर ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी आधी ते घ्यावेत. एका हेड गॅसकेटच्या (इंजिनाच्या हेडखालच्या सीलच्या) खर्चापुढे त्यांची किंमत काहीच नाही.

सावध: गरम रेडिएटरची कॅप उघडू नका. आतलं मिश्रण दाबाखाली असतं. कॅप सैल झाली की ते वाफ होऊन तोंडावर येतं. वरच्या होजला तळहात टेकवून आरामात ठेवता आला, तरच कॅपला हात लावायचा.

## टप्पा १: गार मशीनची पाहणी

रात्रभर उभ्या मशीनखाली आधी वाका. हिरवा, लाल किंवा नारिंगी डाग असेल तर कूलंट, काळा असेल तर इंजिन ऑईल. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. ते भोक एम-सील लावून बुजवणारे महाभाग आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका.

मग होज दाबून पाहा. फार मऊ किंवा फार कडक, दोन्ही वाईट. क्लिपखाली पांढरट थर दिसला तर तिथून थोडं थोडं झिरपतंय. फॅन बेल्टला चिरा, चकाकी, तेल लागलंय का बघा.

शेवटी डिपस्टिक. ऑईल कमी आहे का, हे सगळेच बघतात. वाढलंय का, हे कुणी बघत नाही. डीपीएफ असलेल्या मशीनमध्ये ऑईलची पातळी न टाकता वाढली असेल तर त्यात डिझेल मिसळतंय. ऑईल दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळलाय. दोन्ही वेळा मशीन सुरू न करता फिटरला बोलवा.

## टप्पा २: हवा आत नीट येतेय का

खडी क्रशरवर किंवा महामार्गाच्या भरावावर काम करणाऱ्या मशीनचा एअर फिल्टर इथंच बरंच काही सांगून जातो. फिल्टर चोंदला की हवा कमी, हवा कमी की डिझेल अर्धवट जळतं, आणि तीच काजळी पुढं डीपीएफमध्ये जाऊन बसते.

बाहेरचा फिल्टर काढून आतून बाहेरच्या दिशेनं हवा मारा, दाब २ बारच्या वर नको. टायरवर आपटू नका. कागदाच्या घड्या आणि कडेचं सील दोन्ही जातात. आतला लहान सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. फिल्टरच्या घरात बोट फिरवा. आतल्या फिल्टरच्या पुढं धूळ सापडली तर ती इंजिनात गेलेली आहे, सील तपासा.

टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा गार करणारी जाळी) पाईप इथंच बघून घ्या. मशीन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि मदतनिसाला थोडी रेस द्यायला सांगा. बुडबुडे आले की हवा गळतेय. अशी गळती असलेलं मशीन ताकद कमी झाल्यासारखं वागतं, ऑपरेटर जास्त रेस देतो आणि धूर वाढतो.

## टप्पा ३: जाळी साफ करणं

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

आपल्या भागात रेडिएटर आणि कूलरची जाळी चार प्रकारे चोंदते आणि सगळीकडं एकच उपाय चालत नाही. क्रशरवरची डस्ट कोरडी आणि बारीक असते. साखर कारखान्याच्या यार्डात बगॅस (उसाचा चोथा) ओढणाऱ्या लोडरच्या जाळीवर गळीत हंगामात तंतूंची गोधडीच तयार होते. उसाच्या रानाकडेला चालणाऱ्या जेसीबीत पाचटाचे तुकडे आत शिरतात. आणि कृष्णा-वारणेच्या पुरानंतर गाळ काढायला गेलेल्या मशीनमध्ये माती वाळून पक्की बसते.

त्यातली नेहमीची चूक अशी: कोरड्या धुळीवर थेट पाणी मारायचं. धुळीचा चिखल होतो, तो पट्ट्यांमध्ये खोल जातो आणि इंजिनाच्या उष्णतेनं भाजून निघतो. बाहेरून जाळी चकचकीत दिसते, काटा मात्र पहिल्यापेक्षा वर.

क्रम असा ठेवा:

१. ग्रिल आणि बाजूचे पत्रे काढा. एसीचा कंडेन्सर बिजागरीवर असेल तर तो बाहेर फिरवा. हायड्रॉलिक ऑईल कूलर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतील तर मधल्या फटीत बॅटरी मारून बघा. कचरा तिथंच दडतो, समोरून कधीच दिसत नाही.

२. तंतू, पाचट, पानं हातानं आणि मऊ ब्रशनं काढा. तारेचा ब्रश नको.

३. हवा मारा, पण ज्या दिशेनं फॅन हवा ओढतो त्याच्या उलट दिशेनं. फॅन कुठून कुठं हवा ढकलतो ते माहीत नसेल तर मशीन सुरू असताना ग्रिलच्या बाहेर कागदाची पट्टी धरा. चिकटली तर हवा आत जातेय. एअर गन जाळीला काटकोनात आणि हातभर लांब. तिरकी मारली की पट्ट्या वाकतात, आणि वाकलेली पट्टी म्हणजे कायमची बंद झालेली फट.

४. तेलकट थर असेल तरच पुढं जा: डिग्रीझर फवारा, भिजू द्या, मग साध्या पाईपच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर वॉशरचं नोझल जाळीजवळ आणू देऊ नका. आणि तेल आलं कुठून ते शोधा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तीच अवस्था.

५. पूर्ण वाळवा. ओल्या जाळीवर साईटची धूळ बसली की केलेलं काम वाया.

तपासणी: एका बाजूनं बॅटरी धरा, दुसऱ्या बाजूनं बघा. सगळीकडून सारखा उजेड यायला हवा. मधे काळे पट्टे दिसले तर काम अर्धंच झालंय.

रेडिएटरभोवतीचे रबर किंवा स्पंजचे पट्टे परत लावायला विसरू नका. ते नसले की इंजिनाची गरम हवा वळून पुन्हा जाळीपुढं येते आणि फॅन तीच हवा ओढत राहतो. बऱ्याच जुन्या मशीनवर हे पट्टे नसतातच; मालकांना ते शोभेचे वाटतात.

## टप्पा ४: कूलंट बदलणं

आधी पाण्याचं बोलू. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटावकडच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. वाळवा, पलूस, मिरजेच्या क्षारपड रानातल्या विहिरींचं तर विचारूच नका. पाणी गरम झालं की त्यातले क्षार लायनरच्या (पिस्टन फिरतो त्या नळकांड्याच्या) बाहेरून आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. तो थर उष्णता अडवतो. काटा मग हळूहळू, महिन्यामहिन्यानं वर सरकतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मिश्रणासाठी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच वापरा, नाहीतर तयार मिश्रण विकत घ्या. अडचणीच्या वेळी दुसरं पाणी टाकावंच लागलं तर मीटरवर टीडीएस ३४० च्या वर नसावा, आणि पुढच्या सर्व्हिसला सगळा कूलंट बदला.

रंगावर जाऊ नका. हिरवा म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक असा कुठला पक्का नियम नाही, कंपनीगणिक रंग बदलतो. कॅनवरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवा. दोन जातींचे कूलंट एकत्र झाले की गंजरोधक घटक एकमेकांना निकामी करतात.

१. गार मशीनवर कॅप उघडा. रेडिएटरचा खालचा कॉक आणि इंजिन ब्लॉकचा ड्रेन प्लग, दोन्ही उघडा. नुसता रेडिएटर रिकामा केला तर जुना कूलंट ब्लॉकमध्ये राहतो आणि नवीन मिश्रण पहिल्याच दिवशी बिघडतं.

२. निघालेला कूलंट मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

३. स्वच्छ पाणी भरून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत मशीन चालवा. केबिनमध्ये हीटर असेल तर त्याचा वॉल्व्ह उघडा ठेवा. गार होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत परत करा.

४. थर जाड असेल तर कंपनीनं सांगितलेला क्लीनर वापरा. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला ॲसिड दाखवू नका; ते क्षारांबरोबर नळ्याही खातं.

५. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण बाहेरच तयार करून सावकाश ओता. घाईनं ओतलं की हवा अडकते. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो उघडा ठेवा, मिश्रण सलग आलं की बंद करा.

६. मशीन सुरू करून थर्मोस्टॅट उघडू द्या, गार करा, पातळी भरा.

तपासणी: जेवढा निघाला, साधारण तेवढा आत गेला पाहिजे. चार-पाच लिटर कमी बसला तर आत हवा आहे. तसंच कामावर पाठवू नका.

सावध: कूलंटमधला इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतो. कुत्री, शेळ्या, गुरं चाटतात आणि मरतात. बंद कॅनमध्ये ठेवा, ओढ्यात किंवा रानात सोडू नका. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

## टप्पा ५: कॅप आणि थर्मोस्टॅट

कॅप म्हणजे नुसतं झाकण समजून लोक कुठलीही बसवतात. प्रत्यक्षात ती दाब धरून ठेवते. १ बारच्या आसपासच्या कॅपखाली निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १२९ अंशांपर्यंत जातो. कॅपचं रबर गेलं तर १०७ च्या आसपासच उकळी फुटते. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, साडेतेराशे मीटरच्या उंचीवर, साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. त्यामुळे कराडला गप्प बसलेली खराब कॅप घाट चढला की बोलायला लागते. गार झाल्यावर वरचा होज चपटा पडत असेल, तर कॅपमधला उलटा वॉल्व्ह अडकलाय.

आता थर्मोस्टॅट. "आपल्याकडं उन्हाळाच असतो, वॉल्व्ह कशाला?" हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. अनेक मोठ्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरकडची वाट मोकळी करतो आणि बायपासची (रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी वाट) बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो, काही गरम कूलंट रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परततो आणि भर लोडवर मशीन पहिल्यापेक्षा जास्त तापतं. उलट डिसेंबरच्या सकाळी किंवा हलक्या कामावर इंजिन तापतच नाही. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, काजळी वाढते, एक्झॉस्टचं तापमान डीपीएफला लागतं तेवढं चढत नाही. दोन महिन्यांनी दिवा लागतो आणि सगळे डीपीएफला शिव्या देतात.

तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, समजा ८२, तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवीन बसवा, जागा रिकामी ठेवू नका.

## टप्पा ६: कूलंट कमी होतोय पण डाग कुठंच नाही

बाहेर गळती नाही आणि दर आठवड्याला कूलंटची टाकी भरावी लागते, तर कूलंट आत जळतोय. ईजीआर असलेल्या मशीनमध्ये पहिला संशय ईजीआर कूलरवर घ्या. तिथं गरम एक्झॉस्ट आणि कूलंट यांच्यात फक्त पातळ धातू असतो. तो फुटला की कूलंट एक्झॉस्टमध्ये जातो, गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि पुढचा डीपीएफही खराब होतो.

टाकीत सलग बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेटकडे बघा. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर ऑईल कूलरकडे. हे काम साईटवर करण्यासारखं नाही.

## टप्पा ७: एक्झॉस्टची गळती

टर्बोपासून डीपीएफपर्यंतचा प्रत्येक जोड गार असताना बघा. काळा ओघळ किंवा पंख्यासारखा पसरलेला डाग म्हणजे गळती. क्लॅम्प सैल असेल तर आवळा, गॅसकेट गेली असेल तर बदला. लवचिक पाईपला चीर असेल तर वेल्डिंग फार दिवस टिकत नाही. डीपीएफच्या दोन्ही बाजूंनी प्रेशर सेन्सरच्या बारीक नळ्या येतात. त्या वितळलेल्या किंवा चोंदलेल्या असतील तर संगणकाला खोटा आकडा मिळतो. उष्णता अडवणारे पत्रे आणि गुंडाळी जागेवर हवीत.

## टप्पा ८: डीपीएफचं रीजन

काजळी जळते, राख जळत नाही. रीजनमध्ये सुमारे ५५० ते ६०० अंशांना काजळी जाळली जाते. इंजिन ऑईलमधून आलेली राख मात्र फिल्टरमध्येच साठत जाते आणि ती मॅन्युअलमधल्या तासांना यंत्रावर साफ करून घ्यावी लागते. म्हणूनच अशा मशीनला सीके-४ ग्रेडसारखं कमी राखेचं ऑईलच लागतं.

१. जागा निवडा. पाचट, वाळलं गवत, बगॅसचा ढीग, डिझेलचे बॅरल, पत्र्याची किंवा पाल्याची शेड, यापैकी काहीही जवळ नको. एक्झॉस्टच्या तोंडापुढं माणूस उभा राहू देऊ नका.

२. इंजिन कामाच्या तापमानाला आणा. डिझेल पाव टाकीच्या वर हवं. बकेट खाली, सेफ्टी लिव्हर लॉक.

३. बटण दाबा आणि मशीनजवळच थांबा. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. मधेच बंद करू नका. अर्धवट रीजनमध्ये जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं.

४. दिवा गेल्यावर चार-पाच मिनिटं आयडल, मग बंद.

तपासणी: रीजनचा अवर मीटर आकडा वहीत लिहा. दोन रीजनमधले तास कमी कमी होत असतील तर टप्पा २ आणि ५ परत करा, इंजेक्टर दाखवा. ऑपरेटर एसीसाठी तासन् तास आयडलवर ठेवतो का, तेही विचारा. पाण्याच्या प्रेशरनं डीपीएफ धुणं आणि आतून पोकळ करणं, दोन्ही टाळा. पोकळ केलेला फिल्टर संगणकाला कळतो आणि तो ताकद कापतो.

## टप्पा ९: डीईएफ

खताच्या गोणीतला युरिया पाण्यात ढवळून टाकीत ओतणारे अजून भेटतात. त्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि शुद्धताही लागते तेवढी नसते. त्यानं पंप, इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट असे तिन्ही जातात. शिवाय अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा आहे. आयएसओ २२२४१ लिहिलेला सीलबंद कॅनच घ्या, त्यात युरिया ३२.५ टक्के असतो. पत्र्याच्या शेडमध्ये साठवू नका: ३० अंशांला तो वर्षभर टिकतो, ३५ ला सहाच महिने.

मशीन बंद केल्यावर लगेच बॅटरीचा कटऑफ फिरवायची सवय मोडा. किल्ली बंद झाल्यावरही पंप काही वेळ नळीतला डीईएफ मागं ओढत असतो. हे काम चालू असल्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, नाहीतर नळीत आणि नोझलवर पांढरे खडे धरतात. खडे धरलेच तर कोमट स्वच्छ पाण्यानं विरघळवा. तार, पेट्रोल नको. डिझेल डीईएफच्या टाकीत किंवा डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं, तर किल्लीसुद्धा फिरवू नका. टाकी काढून रिकामी करणं हाच मार्ग.

## काम चालू असताना काटा चढला तर

लगेच बंद करू नका. लोड सोडा, बकेट टेका, एसी बंद करा आणि थोड्या वाढीव आयडलवर दोन-चार मिनिटं चालू ठेवा, म्हणजे कूलंट फिरत राहील. काटा उतरला तर नंतर बंद करून टप्पा १ पासून बघा. पण वाफ दिसली, होज फुटला किंवा कूलंटची टाकी रिकामी असेल, तर त्याच क्षणी बंद करा, कारण फिरायला आत काही उरलेलं नसतं. मग तासभर तरी कॅपला हात लावू नका, ऑपरेटर कितीही घाई करत असला तरी.